'जगात एकमेव' मसल कार: कारखान्याचे दुर्मीळ पर्याय आणि त्यांचा भाव

नोव्हीकर · सोमवार, सकाळी ७:४०

वुडवर्डची जत्रा परवा आटोपली. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्या फिरवतात.) हल्ली कुठलीही जुनी मसल कार (मोठं, ताकदवान इंजिन घातलेली अमेरिकन गाडी) उभी दिसली की काचेमागे एक पुठ्ठा असतोच. '१४ पैकी १', '३ पैकी १', 'जगात एकमेव'. बॉनेट उघडं, शेजारी खुर्ची टाकून मालक बसलेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. १९६४ ते १९७२ च्या अमेरिकन गाड्यांमधले जे कारखानी पर्याय आज दुर्मीळ म्हणून डोक्यावर घेतले जातात, ते बहुतेक तेव्हा गिऱ्हाइकाला नको होते. 'मोजक्याच काढू' असं कंपनीने काही ठरवलेलं नव्हतं. लोकांनी घेतल्याच नाहीत.

१९६९ ची कॅमॅरो झेडएल-१ घ्या. अख्खं ॲल्युमिनियमचं ४२७ घनइंची इंजिन, कागदावर ४३० हॉर्सपॉवर. इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या लहानशा गावात फ्रेड गिब हा शेव्हरोलेचा डीलर होता, त्याने ५० गाड्यांची ऑर्डर दिली. गाड्या आल्या, सोबत बिल आलं. नुसत्या इंजिनाचे ४,१६० डॉलर, गाडी सात हजारांच्या वर! साधी व्ही-८ कॅमॅरो तेव्हा २,७०० च्या आसपास मिळायची. गिबने बऱ्याचशा गाड्या कंपनीला परत धाडल्या, त्या इतर डीलरांकडे गेल्या आणि काही तिथेही पडून राहिल्या. एकूण बनल्या ६९. आज त्याच गाडीपुढे लोक हात जोडून उभे.

आता प्रश्न. ऑफिसातला एक मित्र १९६९ ची फोर्ड मस्टँग मॅक १ घेतोय, ४२८ घनइंची कोब्रा जेट इंजिनवाली. विकणारा म्हणतो ही सुपर कोब्रा जेट आहे, ड्रॅग पॅक आहे, आणि वर '७ पैकी १'. त्यापोटी नेहमीच्या भावापेक्षा बरीच रक्कम वर मागतोय. जाणकारांनी सांगावं: हा सात येतो कुठून, आणि त्याचे पैसे मोजावेत का?

पेट्रोलपंप · सोमवार, सकाळी ८:०५

वाचतोय. जत्रेचे फोटो टाका की राव, नुसत्या गप्पा काय?

गॅरेजातला_गण्या · सोमवार, सकाळी ९:३०

'नको होते' हे अर्धंच खरं. हवे होते, पण परवडत नव्हते आणि सोसतही नव्हते.

१९७० ची प्लिमथ कुडा बघ. मूळ गाडी ३,१०० डॉलरच्या थोडी वर. ४४० सिक्स बॅरल घ्यायचं (डॉजवाले त्यालाच सिक्स पॅक म्हणतात) तर अडीचशे डॉलर जास्त. ४२६ हेमी (शर्यतवाल्यांचं ४२६ घनइंची इंजिन) घ्यायचं तर ८७१. म्हणजे गाडीच्या पाव किमतीहून जास्त नुसत्या इंजिनाचे. कागदावर एक ३९० हॉर्सपॉवर, दुसरं ४२५. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळवायची तर ४४० कुठेही कमी पडत नाही, कारण त्याचा जोर खालच्या आरपीएमलाच मिळतो. हेमीत दोन चार-बॅरल कार्बोरेटर, त्यांचा मेळ सुटला की बसा. १९६९ पर्यंत तर टॅपेटही सॉलिड होते, दर काही महिन्यांनी फीलर गेज घेऊन वॉल्व्हचा गॅप बघत बसायचं. हेमी घेतली की एसी मिळत नाही. वॉरंटी इतर इंजिनांपेक्षा तोकडी. आता सांग, बायकोला घेऊन सासरी जाणारा माणूस कुठलं इंजिन घेईल?

हेमी जिवंत राहिली ती ज्यांना शनिवारी रात्री शर्यत लावायची होती त्यांच्या जिवावर. आणि त्यांनीच ती मारलीही.

हार्टफर्डचा_हरी · सोमवार, सकाळी १०:१५

गण्या, एक माणूस विसरलास: विमावाला. (माझ्या धंद्यातलाच, म्हणून जरा अभिमानाने सांगतो.) साठच्या दशकाच्या अखेरीस इथल्या विमा कंपन्यांनी वजन आणि हॉर्सपॉवर यांचं गुणोत्तर बघून जादा हप्ता लावायला सुरुवात केली. पंचविशीच्या आतला, बिनलग्नाचा पोरगा आणि खाली ४०० घनइंचांच्या वरचं इंजिन, म्हणजे विम्याचा हप्ता गाडीच्या कर्जाच्या हप्त्याला भारी. आणि या गाड्या घेणारा वर्ग नेमका तोच.

म्हणून १९७१ चे आकडे असे केविलवाणे दिसतात. त्या वर्षी कुडाच्या कन्व्हर्टिबलच मुळात ३७४ निघाल्या, त्यात हेमी ११. त्यातलीच एक चार गिअरची २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. आमच्या जादा हप्त्याचा त्यात थोडा वाटा आहे असं मी मानतो.

खडूस_काका · सोमवार, दुपारी १२:४०

धागाकर्त्याशी साफ असहमत. सगळ्याच दुर्मीळ गाड्यांना एका मापाने मोजू नका. काही पर्याय कंपनीनेच जाणूनबुजून थोडे काढले, कारण त्यांना ते विकायचेच नव्हते. शर्यतीच्या नियमासाठी काढले.

१९६७ ची कॅमॅरो झी-२८ बघा. ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिनाची मर्यादा ५ लिटर, म्हणजे ३०५ घनइंच. शेव्हरोलेने ३२७ चा ब्लॉक घेतला, त्यात २८३ चा क्रँक घातला, झालं ३०२. पहिल्या वर्षी ६०२ गाड्या. जाहिरात जवळजवळ नाहीच. सोबत चार गिअर आणि पुढचे डिस्क ब्रेक घेणं सक्तीचं, ऑटोमॅटिक आणि एसी मागूनही मिळत नसे. ज्याला ठाऊक होतं त्यानेच घेतली. पण १९६९ मध्ये त्याच झी-२८ च्या वीस हजारांवर गाड्या खपल्या. मग 'नको होती' कसं म्हणणार? कळल्यावर लोकांनी उचलली की.

दुसरं, डॉज चार्जर डेटोना. १९६९ मध्ये नॅसकारला (अमेरिकेतली मोटार शर्यत भरवणारी संस्था) किमान ५०० गाड्या हव्या होत्या, डॉजने ५०३ काढल्या आणि थांबले. त्यात हेमी ७०. पुढच्या वर्षी नियम बदलला, दर दोन डीलरांमागे एक गाडी, म्हणून प्लिमथ सुपरबर्ड १,९०० च्या वर काढाव्या लागल्या.

तिसरं, मस्टँग बॉस ४२९. फोर्डला ते इंजिन नॅसकारमध्ये टोरिनोत घालून पळवायचं होतं आणि पात्र करून घेतलं मस्टँगमध्ये घालून! इंजिन इतकं रुंद की पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर कापून सरकवावे लागले, बॅटरी उचलून डिकीत टाकली. हे काम मिशिगनमधल्या ब्रायटन गावी कार क्राफ्टकडे व्हायचं. दोन वर्षांत तेराशेच्या वर गाड्या. तेव्हा 'गिऱ्हाइकाला नको' हे सूत्र इथे लागू होत नाही. इथे गिऱ्हाईक नॅसकार होतं.

तिरकस · सोमवार, दुपारी १:०२

काका, सुपरबर्ड कंपनीने नियमासाठी काढल्या हे मान्य. पण मग त्या डीलरच्या अंगणात का सडल्या? डीलरांनी शर्यतीसाठी लावलेलं टोकदार नाक आणि मागचा उंच पंख काढून साध्या रोड रनर (सुपरबर्डचं मूळ मॉडेल) करून विकल्या त्या. म्हणजे फिरून नोव्हीकरचंच म्हणणं.

बाकी तो मागचा पंख मला तरी कपडे वाळत घालायला सोयीचा वाटतो. डिकी पूर्ण उघडावी म्हणून उंच केलाय म्हणे.

जाईजुई · सोमवार, दुपारी १:४५

सगळे इंजिनावरच का अडकलात? मला खरी मजा वाटते ती ऑर्डरच्या फॉर्मवरच्या किरकोळ चौकोनांची. १९६९ च्या कॅमॅरोत चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळत होते, जेएल-८ हा कोड. किंमत सुमारे ५०० डॉलर. त्या वर्षी कॅमॅरो बनल्या सुमारे २ लाख ४३ हजार, त्यात हे ब्रेक घेतले २०६ जणांनी. पळायला पैसे होते, थांबायला नव्हते.

आणि कॉर्वेट एल-८८! १९६७ मध्ये फक्त २०. या इंजिनासोबत रेडिओ नाही, हीटर नाही. पेट्रोल १०३ ऑक्टेनचं लागेल असा इशारा गाडीतच चिकटवलेला. वर गंमत अशी की कंपनीने याची ताकद लिहिली ४३०, आणि त्याच वर्षीच्या एल-७१ ची ४३५. प्रत्यक्षात एल-८८ ची ५०० च्या वर होती. नवख्या माणसाने आकडे बघून निमूट एल-७१ घ्यावी आणि हे भूत शर्यतवाल्यांनाच मिळावं, म्हणून ही लपवाछपवी. मिशिगनच्या जानेवारीत हीटर नसलेली गाडी! मला तर विचारानेच हुडहुडी भरली.

पेट्रोलपंप · सोमवार, दुपारी १:५१

रेडिओ नाही, हीटर नाही, एसी नाही. आमची कंपनीची बस म्हणजे एल-८८ च की!

स्वच्छंद · सोमवार, दुपारी ३:२०

भाबडा प्रश्न. पहिल्या पोस्टीतली झेडएल-१ माहितीपत्रकात नव्हती असं कुठेतरी वाचलं. मग डीलरने मागवली कशी? आणि जी माहितीपत्रकातच नाही तिला 'कारखान्याचा पर्याय' म्हणायचं का?

खडूस_काका · सोमवार, दुपारी ४:१०

भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे. जनरल मोटर्सने तेव्हा आपल्याच विभागांवर बंधन घातलं होतं: कॉर्वेट सोडून कॅमॅरो, शेवेल वगैरेंत ४०० घनइंचांच्या वरचं इंजिन घालायचं नाही. पण सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर, म्हणजे कोपो, नावाची एक वाट होती. पोलिसांच्या गाड्या, टॅक्सीचे ताफे, कुणाला खास रंग हवा, अशा घाऊक कामांसाठी. शेव्हरोलेतल्या शर्यतवेड्यांनी त्याच वाटेने ४२७ आत घुसवलं. कोपो ९५६० म्हणजे ॲल्युमिनियमची झेडएल-१, ९५६१ म्हणजे लोखंडी ब्लॉकची एल-७२, ४२५ हॉर्सपॉवर. पेनसिल्व्हेनियातला डीलर डॉन येंको आधी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं बदलायचा, १९६९ मध्ये त्यानेही कोपोचाच रस्ता धरला.

तेव्हा गाडी कारखान्यातून त्या इंजिनासकट बाहेर पडली असेल तर ती कारखान्याची. डीलरने मागाहून बदललं असेल तर डीलरची. १९६८ ची येंको आणि १९६९ ची येंको यांत म्हणूनच फरक करतात. माहितीपत्रकात असो वा नसो.

१९७० साली बंधन उठलं आणि लगेच शेवेलमध्ये ४५४ एलएस-६ आलं, ४५० हॉर्सपॉवर. वर्षभरातच कॉम्प्रेशन उतरवलं, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी. खेळ संपला.

तिरकस · सोमवार, दुपारी ४:१८

एलएस-६ बनल्या साडेचार हजारांच्या आत. त्यातल्या आज सहा हजार हयात आहेत.

आकडेबहाद्दर · सोमवार, संध्याकाळी ६:३०

तिरकसचा विनोद बाजूला ठेवून मूळ प्रश्नातल्या 'सात'कडे येतो.

फोर्डचं बरं आहे. १९६७ पासूनच्या गाड्यांचा कारखान्याचा डेटा मार्टी नावाच्या गृहस्थांकडे आहे, फोर्डच्या परवान्याने. चेसिस नंबर दिला की गाडी कशी मागवली होती याचा रिपोर्ट मिळतो, आणि तशा किती बनल्या हेही. हा आकडा खोटा नसतो. पण तो कसा काढतात ते बघा. आधी १९६९ च्या सगळ्या मॅक १ घ्या: ७२,४५८. त्यातल्या ४२८ वाल्या वेगळ्या काढा. त्यातल्या चार गिअरच्या. त्यातल्या अमुक रंगाच्या. त्यातल्या काळ्या सीटच्या. त्यातल्या घड्याळवाल्या. एकेका चाळणीतून घालत गेलात की शेवटी सात उरणारच. अजून दोन चाळण्या लावल्या की एक.

साधा हिशोब आहे. ऑर्डर फॉर्मवर नुसते २० हो-नाही चौकोन धरले, रंग वगैरे सोडून, तरी १० लाख ४८ हजार ५७६ वेगवेगळ्या गाड्या होतात. त्या वर्षी मस्टँग बनल्या त्याहून कितीतरी कमी. म्हणजे जवळपास प्रत्येक गाडी 'जगात एकमेव' निघू शकते. आमच्या सोसायटीत निळा दरवाजा, दोन मांजरं आणि बिघडलेली बेल असलेला फ्लॅट एकच आहे. त्याचा भाव कुणी वाढवून देत नाही.

म्हणून पुठ्ठ्यावरच्या आकड्याला मी दोन प्रश्न विचारतो. चाळण्या किती? आणि शेवटच्या तीन चाळण्यांसाठी कुणी एक डॉलर तरी देईल का?

नोव्हीकर · सोमवार, संध्याकाळी ७:०५

आकडेबहाद्दर, दंडवत. मित्राला ही पोस्ट पाठवलीच.

काका, झी-२८ आणि बॉसचा मुद्दा पटला, ती जात वेगळी. पण हेमी कन्व्हर्टिबल, झेडएल-१, जेएल-८ या माझ्याच पारड्यात राहू देत.

कुर्लेकर · सोमवार, रात्री ८:२०

थोडं अवांतर. आमच्या कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जायच्या, फियाटच्या आधीपासून. मुंबईत त्या काळच्या टॅक्सीही होत्या त्या. आजोबांकडे पन्नासच्या दशकातली एक डॉज होती. पेट्रोल परवडेना म्हणून मूळ सहा सिलिंडरचं इंजिन उतरवून पर्किन्सचं डिझेल चढवलं. गिअरबॉक्स मेटाडोरचा. डायनामो कशाचा ते ब्रह्मदेवाला ठाऊक. काचेमागे पुठ्ठा लावायचा तर कसला लावू? 'जगात एकमेव' म्हटलं तर कुणी खोडून दाखवावं!

गॅरेजातला_गण्या · सोमवार, रात्री ८:३३

कुर्लेकर, तुमचा पुठ्ठा या धाग्यातला सगळ्यात प्रामाणिक. इकडचे लोक ब्लॉकवरचा नंबर चेसिसशी जुळतो का हे टॉर्च घेऊन तासन् तास बघतात, त्यांना ही डॉज एकदा दाखवायला हवी.

संपादक · सोमवार, रात्री ९:००

अवांतर गोड आहे, पण मुंबईच्या जुन्या टॅक्सींसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

मृण्मयी_आर · मंगळवार, सकाळी ६:५०

रात्री उशिरा वाचलं, आता लिहितेय. आकडा खरा असला तरी गाडी ती आहे का, हा वेगळाच प्रश्न, आणि तो कंपनीगणिक बदलतो. नवऱ्याच्या या खुळापायी मलाही बरंच ठाऊक झालंय.

क्रायस्लरच्या गाड्यांत (प्लिमथ, डॉज) चेसिस नंबरचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. १९७० च्या कुडात तिथे 'आर' असेल तर हेमी, 'व्ही' असेल तर ४४० सिक्स बॅरल. फोर्डमध्येही तसंच, मस्टँगच्या नंबरात 'झेड' म्हणजे बॉस ४२९, 'आर' म्हणजे रॅम एअरवाली (बॉनेटमधून बाहेरची हवा ओढणारी) ४२८. पण शेव्हरोलेचा त्या काळचा नंबर फक्त व्ही-८ की सहा सिलिंडर एवढंच सांगतो. १९६९ ची झी-२८ आणि साधी ३०७ वाली कॅमॅरो, दोघींचा नंबर त्याच पाच आकड्यांनी सुरू होतो. म्हणून तिरकसच्या विनोदात तथ्य आहे. शेवेलला एलएस-६ 'बनवणं' सोपं, कुडाला हेमी 'बनवणं' कठीण. कठीण म्हणजे अशक्य नव्हे, टॅग आणि पट्ट्या खोट्या करणारेही आहेत.

मग कागद शोधायचे. कारखान्यात गाडी लाइनवर पुढे सरकायची तेव्हा प्रत्येक ठिकाणच्या कामगाराला काय बसवायचं हे सांगणारा एक कागद सोबत असायचा, बिल्ड शीट. काम झालं की तो फेकायचा, पण बरेचदा कुणीतरी सीटच्या स्प्रिंगांमध्ये खुपसून द्यायचा किंवा पेट्रोलच्या टाकीवर राहून जायचा. गेल्या हिवाळ्यात आमच्या गॅरेजात १९७० च्या एका चॅलेंजरची मागची सीट उलटी केली. काथ्याच्या थरात, गंजलेल्या स्प्रिंगांना चिकटलेला, चहात बुडवल्यागत रंग झालेला कागद. एक कोपरा उंदराने नेलेला. नवरा चिमट्याने सोडवत होता आणि मी खालून पुठ्ठा सरकवत होते, कारण हात लावला की तुकडे पडत होते. इंजिनाचा रकाना शाबूत निघाला: ३८३. म्हणजे बॉनेटखाली जे ४४० आहे ते कुणीतरी मागाहून घातलेलं. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. गाडी मात्र आहे तशीच मस्त पळते.

शेवटी एक. किती बनल्या यापेक्षा किती उरल्या हे बघा. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं फुटली, बदलली गेली, १९७३ च्या तेलटंचाईनंतर तर या गाड्या कवडीमोलाने गेल्या आणि पोरांनी झाडांना धडकवल्या. आणि उलटही आहे. सहा सिलिंडरच्या साध्यासुध्या कॅमॅरो हजारोंनी बनल्या, त्या आज जत्रेत दिसतच नाहीत. सगळ्यांच्या एसएस (कॅमॅरोचं ताकदवान रूप) झाल्या.

जाईजुई · मंगळवार, सकाळी ७:२०

मृण्मयी, केवढं छान लिहिलंयस! शेवटचा परिच्छेद खास. सहा सिलिंडरवाल्यांचा एक क्लब काढायला हवा.

खडूस_काका · मंगळवार, सकाळी ८:०५

आकडेबहाद्दरांच्या हिशोबात एक खोट आहे ती सांगतो. चाळण्या सगळ्या सारख्या नसतात. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी या तीन चाळण्यांनंतरही आकडा लहान उरत असेल तर तो खराच दुर्मीळ. १९७१ ची पाँटिॲक जीटीओ जज कन्व्हर्टिबल: १७. रंग नाही, सीट नाही, घड्याळ नाही, नुसतं मॉडेल आणि छत. पाँटिॲकचीच १९६९ ची ट्रान्स ॲम कन्व्हर्टिबल: ८. अशा आकड्याला मी पैसे मोजीन. मोजायला असते तर.

आकडेबहाद्दर · मंगळवार, सकाळी ८:४०

मान्य. मी भांडतोय ते सीटच्या रंगाशी.

गॅरेजातला_गण्या · मंगळवार, सकाळी ९:१०

नोव्हीकर, सात-बित सोड. मुख्य दाव्याकडे कुणी बघतच नाहीये. सुपर कोब्रा जेट हा फॉर्मवरचा स्वतंत्र चौकोन नव्हता. तो मागच्या डिफरन्शियलवरून ठरायचा. गिऱ्हाइकाने ३.९१ किंवा ४.३० चा रेशो मागितला की फोर्ड समजायचं हा गडी ड्रॅग शर्यत (सरळ रस्त्यावरची, थोड्या अंतराची) लावणार, आणि इंजिनात जाड कनेक्टिंग रॉड, वेगळा क्रँक आणि रेडिएटरपुढे ऑइल कूलर घालून द्यायचं. तोच ड्रॅग पॅक. कागदावर हॉर्सपॉवर दोन्हींची ३३५ च. हायवेवर ४.३० ने इंजिन नुसतं किंचाळायचं, म्हणून बहुतेकांनी घेतला नाही. बघ, हा मात्र अगदी तुझ्या सिद्धांताला धरून.

मित्राला सांग, ड्रायव्हरच्या दारावर धातूची पाटी असते, तिथे ॲक्सलचा कोड वाच. 'व्ही' म्हणजे ३.९१, 'डब्ल्यू' म्हणजे ४.३०. दुसरं काही असेल तर कारखान्याची सुपर कोब्रा जेट नाही. ऑइल कूलर बघून भुलू नका, तो बाजारात नवा मिळतो.

नोव्हीकर · बुधवार, सकाळी ७:१५

गण्या, मित्र काल संध्याकाळी जाऊन आला. रेडिएटरपुढे ऑइल कूलर लखलखीत. दाराच्या पाटीवर कोड 'एस'.

गॅरेजातला_गण्या · बुधवार, सकाळी ७:२२

एस म्हणजे ३.५० लॉकिंग. ड्रॅग पॅक नाही. मार्टी रिपोर्टातही तो असणार नाही, विकणाऱ्याने तुम्हाला रिपोर्टाचं फक्त आकड्याचं पान दाखवलं असेल.

नोव्हीकर · बुधवार, सकाळी ७:३०

अगदी तेच! पूर्ण रिपोर्ट मागितल्यावर म्हणाला 'शोधून पाठवतो'. पाटी आणि चेसिस नंबर मात्र जुळतात, गाडी अस्सल ४२८ आहे, आर कोडची. मित्र अजून घ्यायला तयार आहे.

खडूस_काका · बुधवार, सकाळी ८:००

घेऊ दे. साध्या कोब्रा जेटच्या भावात घेऊ दे. आणि ३.५० असेल तर हायवेवर चालवता तरी येईल, बायको सोबत बसेल.

स्वच्छंद · बुधवार, सकाळी १०:४५

धागा वाचून आता मलाही खाज सुटली. टेक्सासात आमच्या गल्लीत एक आजोबा १९६९ ची जीटीओ काढतायत, म्हणतात रॅम एअर ४ (पाँटिॲकचं ताकदवान इंजिन) आहे. पाँटिॲकच्या चेसिस नंबरात इंजिन कळतं का?

मृण्मयी_आर · बुधवार, सकाळी ११:३०

नाही कळत. नंबर २४२ ने सुरू झाला तर जीटीओ आहे एवढंच नक्की. पण पाँटिॲकचं नशीब शेव्हरोलेपेक्षा बरं, कारखान्याची मूळ बिलं पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे आहेत. चेसिस नंबर पाठवून प्रत मागव, पैसे लागतील पण आधी तेच कर. त्या वर्षी जीटीओ बनल्या बहात्तर हजार, त्यात रॅम एअर ४ फक्त ७५९, तेव्हा आजोबा कितीही गोड असले तरी कागद बघच.

तोवर बॉनेट उघडायला मिळालं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जिथे हेडला लागतो तिथे वाकून बघ. रॅम एअर ४ चे पोर्ट गोल असतात, साध्या इंजिनाचे इंग्रजी 'डी' च्या आकाराचे. टॉर्च घेऊन जा, आणि इंजिन गार असताना.